पोंकाच्या हंगामात

डिसेंबर आला की सुरतेत पोंक येतो. आपल्या हुरड्याचा हा सख्खा भाऊ, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. हसू आणि खाणं या विषयावरचा हा अंक याच दिवसांत निघतोय, हे मला समर्पक वाटतं. कारण 1617 च्या डिसेंबरात याच शहरात एका इंग्रज विनोदवीराने प्राण सोडला.

थॉमस कोरियट. युरोपची वारी बहुतेक पायी करून त्याने 1611 मध्ये पुस्तक काढलं. पाच महिन्यांत घाईघाईने गिळलेले कच्चे घास, असं त्याचं नाव! जेवणाचा काटा इटलीत पाहून त्याने इंग्लंडात स्वतः वापरला, म्हणून लोक हसले. पुढे जेरुसलेमहून तो अजमेरपर्यंत चालत आला आणि जहांगिरापुढे फारसीत बोलला. इंग्रज राजदूताच्या बिऱ्हाडात एक धोबीण दिवसभर तोंड चालवी. कोरियटने तिच्याच बोलीत तिला सकाळी आठाच्या आत गप्प केलं. सोबतच्या एडवर्ड टेरी या पाद्र्याने हे लिहून ठेवलंय. एखाद्या प्रहसनात शोभावा असा हा प्रवेश मला फार प्रिय आहे. परक्या भाषेत भांडता येणं म्हणजे ती भाषा खरोखर आपली होणं.

सुरतेच्या वखारीत देशबांधवांनी त्याला मायदेशी मिळणारी मदिरा दिली. पोट आधीच बिघडलेलं होतं. ते दुखणं बळावलं. तो इथेच राहिला. एक विनोदवीर इथे संपला, तर दुसरा इथेच जन्मला: ज्योतींद्र दवे या गुजराती विनोदकाराचा जन्म इथलाच, 1901 चा.