घरासाठी की-बोर्ड घेताना

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोणत्याही विद्युत वाद्याला मराठी घरांत सरसकट 'कॅसिओ' म्हटले जाते. जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८० साली 'कॅसिओटोन २०१' हे आपले पहिले वाद्य बाजारात आणले. पुढे हे नाव इतके रूढ झाले, की अनेक घरांत खरेदीही नावावरूनच होते आणि पारख मागे राहते.

एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी असेच घडले. आजोबा पेटी वाजवीत. नऊ वर्षांच्या नातीला सुरांची जाण आहे असे दिसताच वडिलांनी तिच्यासाठी ३७ लहान पट्ट्यांचा स्वस्त की-बोर्ड आणला. 'आधी शिकू दे, मग मोठा घेऊ,' हा त्यांचा हिशेब. सहा महिन्यांनी क्लासमधील पूर्ण आकाराच्या पट्ट्यांवर तिची बोटे चुकू लागली. दोन्ही हातांचा धडा सुरू झाला, तेव्हा घरच्या वाद्यावर पट्ट्याच पुरेनात. की-बोर्ड कपाटावर गेला आणि मुलगी म्हणू लागली, "मला जमत नाही." पैशांचे नुकसान थोडे होते, तिच्या उमेदीचे मोठे.

दुसऱ्या खेपेस आजोबा स्वतः निघाले. तांदूळ हातावर घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी भाव विचारला नव्हता. त्यांनी मोजपट्टी सोबत घेतली. पूर्ण आकाराच्या वाद्यावर एका सप्तकातील सात पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी सुमारे साडेसोळा सेंटिमीटर भरते; त्याहून बरीच कमी भरली, तर पट्ट्या लहान समजाव्यात. घरगुती शिक्षणाला ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके, पुरेशी होतात.

दुकानदार आवाजांची संख्या सांगू लागला : एकात चारशे, दुसऱ्यात सहाशे. आजोबांनी ती बाजूला ठेवली. घरात नेहमी वाजतात ते पाच-दहा आवाज. त्यांनी एकच पट्टी प्रथम हलकेच आणि मग जोराने दाबून पाहिली. काही वाद्यांत दोन्ही वेळा सारखाच नाद आला. ज्यांत 'टच रिस्पॉन्स' असतो, त्यांत प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्कबिंदू असतात. ते एकामागून एक जुळण्यास लागणाऱ्या क्षणावरून आवाजाचा जोर ठरतो. ही सोय नसेल, तर मुलांच्या बोटांना हळुवारपणा शिकविता येत नाही. कॅसिओचे 'सीटी-एस२००' आणि 'सीटी-एस३००' दिसायला जवळजवळ सारखे. परंतु ही सोय दुसऱ्यातच आहे. यामाहाच्या 'पीएसआर-एफ५२' मध्ये ती नाही, 'पीएसआर-ई३७३' मध्ये आहे. किमतीतील फरक द्यावा तो अशा गुणासाठी.

"मग सिंथेसायझरच का नको?" वडिलांनी विचारले. बोलीभाषेत दोन्ही एकच मानले जातात. पण खरा सिंथेसायझर आवाज घडविण्यासाठी असतो, आणि पुष्कळदा त्यात स्पीकर नसतो. तो वेगळा घ्यावा लागला, की स्वस्ताई संपते. अ‍ॅडॉप्टर आणि स्टँड किमतीत धरले आहेत का, हेही आजोबांनी विचारून घेतले. निरनिराळ्या वाद्यांचे व्होल्टेज निरनिराळे असते, त्यामुळे घरातला दुसरा अ‍ॅडॉप्टर जोडणे धोक्याचे. जुना की-बोर्ड घ्यायचा झाल्यास प्रत्येक पट्टी वाजवून पाहावी, आवाजाचे बटण फिरविताना खरखर होते का ते ऐकावे, आणि बॅटरीच्या कप्प्यात गंज आहे का ते तपासावे.

या वाद्याची मर्यादाही आजोबा जाणून होते. पेटीप्रमाणेच यातही सप्तकाचे बारा सूर ठरलेले. पट्ट्यांवर मींड निघत नाही. याच कारणाने ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून तीन दशके पेटीला दूर ठेवले होते. शास्त्रीय गायनाच्या रियाजाला तंबोराच हवा. यामाहाच्या 'पीएसआर-आय५००' सारख्या भारतासाठी केलेल्या वाद्यांत तंबोरा व तबला दोन्ही असतात, पण बजेट बेताचे होते. अखेर टच रिस्पॉन्स असलेला ६१ पट्ट्यांचा साधा की-बोर्ड घरी आला.

त्या संध्याकाळी नात पांढरी एकचा सा धरून शिकलेले भजन वाजवू लागली. आजीचा सूर काळी पाच. आजोबांनी 'ट्रान्सपोज' दोन घरे खाली केले. नातीची बोटे त्याच पट्ट्यांवर राहिली आणि सूर आजीच्या गळ्याला मिळाला. आजोबांची काळी एक आली, तेव्हा एक घर वर. पुन्हा "जमत नाही" असे कोणी म्हटले नाही.

वाजविणार कोण, गाणार कोण आणि शिकविणार कोण, हे घरात आधी ठरवावे. किंमत त्यानंतर विचारावी.