‘फॉर्मर’ म्हणजे माजी की पहिला?

मैत्रिणींनो, आठवड्यातून तीन दुपारी मी इथे वसईत मुलांना इंग्रजी शिकवते. ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांतला फरक समजावताना अगदी दमछाक होते. देणारी ‘लेंड’ करते, घेणारी ‘बॉरो’. आपल्याकडे वाटीभर साखर ‘उसनी’ म्हटली की भागतं! मुलांचं चुकलं तर एखादा गुण जातो. पण गेल्या पावसाळ्यात असल्याच शब्दांनी आमच्या शेजारणीला रडवलं.

तिचे यजमान अचानक आजारी पडले. इस्पितळात अनामत भरायची होती. खातं दोघांच्या नावाचं, म्हणून ही धीराने बँकेत गेली. उत्तर मिळालं, “साहेबांची सही लागेल.” संध्याकाळी पासबुक घेऊन ती माझ्याकडे आली. त्यावर लिहिलेलं होतं, ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’.

खरं सांगते, मी बी. ए. झालेली, पण ‘फॉर्मर’ म्हणताच मलाही आधी माजी मंत्री, माजी मुख्याध्यापकच आठवले. इथे मात्र अर्थ वेगळा. दोघांपैकी ज्याचं नाव आधी, तो ‘फॉर्मर’. तो हयात असेपर्यंत सही त्याच्या एकट्याची चालते. त्याच्या मागे जो राहील तो ‘सर्व्हायव्हर’. म्हणजे शेजारणीचं नाव होतं, पण ते कधी उपयोगी पडणार होतं हे लक्षात आलं ना? यजमान इस्पितळात असताना तिला हा अर्थ कसा सांगायचा, मला कळेना.

तिथे ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असतं, तर दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकलं असतं. ‘जॉइंटली’ असेल तर दोघांच्याही सह्या हव्यात. मुदत ठेवीत आणखी एक मेख आहे बरं का. ‘आयदर’ असलं तरी मुदत भरल्यावरच एकाची सही पुरते. आधी मोडायची तर दोघांच्या लागू शकतात.

शेवटी जावेने पैसे दिले आणि वेळ निभावली. मागाहून कळलं की खातेदार सही करण्याच्या स्थितीत नसेल, तर अंगठ्याचा ठसाही चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हे त्या दिवशी तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

‘नॉमिनी’चंही तसंच. आपण त्याला सर्रास वारस समजतो. बँकेतल्या ठेवीचे पैसे नॉमिनीच्या हाती पडतात, पण हक्क कायदेशीर वारसांचाच राहतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीसाठी चार नॉमिनी नेमता येतात. त्या अर्जावर दोन लांबलचक शब्द भेटतील. ‘सायमल्टेनियस’ म्हणजे सगळे एकाच वेळी, ज्याचा त्याचा टक्का लिहून. ‘सक्सेसिव्ह’ म्हणजे एकापाठोपाठ, पहिला नसेल तर दुसरा. लॉकरला फक्त दुसरा प्रकार चालतो.

शेजारणीचे यजमान आता हिंडूफिरू लागले आहेत. परवा दोघं बँकेत जाऊन खातं ‘आयदर’ करून आली. आल्याआल्या तिने पासबुक माझ्यापुढे उघडून धरलं आणि म्हणाली, “आता वाचा बाई, नीट वाचा!” मी दोनदा वाचलं.

तुमचंही आज कपाटातून काढून बघा. पुढच्या खेपेला ‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंटी’. मिक्सरचं कार्ड जपून ठेवा हं!