रंगीत नकाशा आणि बाटलीतले पाणी

उपग्रह आकाशात गेला. आता जहाजे घेऊन बाटल्यांत समुद्राचे पाणी भरीत हिंडण्याचे प्रयोजन उरले नाही, असे मत हल्ली चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींकडून ऐकू येते. हे मत उथळ आहे, आणि तेही अक्षरशः! २००९ साली युरोपने सोडलेला ‘स्मॉस’ घ्या की २०१५ सालचा अमेरिकेचा ‘स्मॅप’ घ्या, समुद्रपृष्ठातून निघणाऱ्या सूक्ष्मतरंगांवरून ते क्षारतेचा अंदाज बांधतात. आणि हे तरंग येतात वरच्या जेमतेम एका सेंटिमीटरच्या थरातून. खालच्या हजारो मीटर पाण्याची वार्ता त्यांना कोठून असणार?

बंगालच्या उपसागराचेच पाहा. पावसाळ्यात गंगा-ब्रह्मपुत्रांचे गोडे पाणी तेथील खाऱ्या पाण्यावर सायीसारखे पसरते. हलके पाणी वर, जड पाणी खाली; दोहोंची घुसळण सहजासहजी होत नाही. मग खालचे थंड पाणी वर येऊन पृष्ठभाग निववीत नाही आणि चक्रीवादळाला ऊब मिळत राहते. साय पसरली आहे, एवढे उपग्रह सांगेल. ती किती जाड आहे, हे त्याने कसे सांगावे? वादळाचा जोर ताडणाऱ्याला तर ती जाडीच हवी असते.

‘आर्गो’ची सुमारे ४,००० तरंगती यंत्रे आहेतच की, असे यावर कोणी म्हणेल. आहेत, दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोलीपासून वर येत ती क्षारता मोजतात आणि उपग्रहाचे आकडे त्यांच्याशीच ताडून पाहतात. परंतु त्या यंत्रांचीही मापे कालांतराने ढळतात. त्यांची पारख होते जहाजावरील मापांवरून. आणि जहाजावरचे उपकरण लावावयाचे ते बाटलीत बंद केलेल्या प्रमाणित समुद्रजलावर! क्नुडसेन यांच्या काळात कोपनहेगनला हे जल प्रथम सिद्ध झाले. त्याआधी ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या सफरीत आणलेले ७७ नमुने तपासून डिटमार यांनी दाखविले होते की, खुल्या समुद्रात पाणी कमी-अधिक खारे असले तरी त्यातील मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण जवळजवळ सर्वत्र एकच असते. ज्या बाटलीची थट्टा चालली आहे, तिच्यावरच हा सारा डोलारा उभा आहे.

शिवाय किनाऱ्यालगत जमिनीचे तरंग मिसळून उपग्रहाचे माप बिघडते, आणि उथळ पाण्यात आर्गोची यंत्रे सहसा फिरकत नाहीत. मांडवीच्या मुखाशी पावसाळ्यात पाणी गोडे होते, उन्हाळ्यात खार आत दूरवर चढते; जगाच्या त्या रंगीत नकाशात यातले काही दिसत नाही. तेथे होडी न्यावी लागते आणि बाटली बुडवावी लागते.