जुन्या गाडीचा भाव आपणच काढावा

मेथीची जुडी घेताना आपण ती उलटून आतली पानं बघतो. सोनं घेताना घडणावळ किती आणि घट किती, हे विचारल्याशिवाय दुकानातून उठत नाही. मग घरात जुनी गाडी घ्यायची ठरली, की या सगळ्या सवयी कुठे जातात? तीन-चार लाखांचा व्यवहार असतो. त्यात पुष्कळदा आपली भिशी असते, मोडलेली एफडी असते, कधी पाटल्याही असतात. आणि आपल्याला विचारलं जातं ते एवढंच, ‘‘रंग आवडला ना?’’

मैत्रिणींनो, मला हे काही पटत नाही. आता तालुक्याच्या गावातही बायका गाडी चालवत शाळेत, बँकेत, दवाखान्यात जातात. गाडीचा भाव मात्र ‘ह्यांच्या मित्राने’ नाहीतर गॅरेजवाल्या भाऊंनी ठरवायचा! अहो, भाव काढणं हे काही गुपित नाही. तो हिशेब आहे, आणि हिशेब तर आपण रोज करतो.

विकणारा पहिलं वाक्य बोलतो, ‘‘सात लाखाला घेतली होती, ताई.’’ त्या सात लाखांशी आपल्याला कर्तव्य नाही. तेच मॉडेल आज नवं केवढ्याला मिळतं, ते शोरूममध्ये फोन करून विचारावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी तो २८ टक्के होता आणि वर उपकर वेगळा. म्हणजे २०२२ किंवा २०२३ सालची पावती दाखवून कोणी भाव चढवत असेल, तर ती पावती बाजूला ठेवायची.

दुसरा आकडा विम्याच्या कागदावर असतो. तिथे ‘आयडीव्ही’ असं लिहून एक रक्कम दिलेली असते. गाडी चोरीला गेली तर कंपनी जी किंमत धरेल, ती ही. तिचं कोष्टक ठरलेलं आहे : गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर नव्या किमतीतून २० टक्के वजा, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. हा काही बाजारभाव नव्हे. नीट राखलेली, सुटे भाग सहज मिळणारी गाडी याहून वर जाते; दामटलेली गाडी खाली येते. पण बोलणी सुरू करायला पायाखाली जमीन मिळते.

आता वजाबाकी. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. मसाल्याच्या पाकिटावरची तारीख वाचतो, तशी हीही वाचावी. बॅटरी कधी बदलली, विमा कधी संपतो, क्लच घट्ट लागतो का, हेही बघावं. गॅरेजवाल्या भाऊंना जरूर सोबत न्यावं, पण ते आपले असावेत, विकणाऱ्याने सुचवलेले नकोत. आणि त्यांना भाव विचारू नका, खर्च विचारा. समजा ते म्हणाले, टायरचे सोळा हजार, बॅटरीचे पाच, क्लचचे नऊ. झाले तीस हजार. ते किमतीतून कमी करून मागताना संकोच कसला?

किलोमीटरच्या आकड्यावर लगेच विश्वास टाकू नये, तो मागे फिरवता येतो. सर्व्हिसच्या बिलांवर तारखेसह किलोमीटर लिहिलेले असतात, ते जुळवावेत. मीटर तीस हजार दाखवतो आणि ब्रेकच्या पायडलचं रबर मात्र गुळगुळीत झालंय, तर समजून घ्यावं.

पुराची गाडीही ओळखता आली पाहिजे. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळूणला कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊनपुसून लांबच्या गावी विकल्या जाऊ शकतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाचा डाग राहतो. सीटखालचा गंज बघा, मॅट उचलून वास घ्या. डब्यातल्या डाळीचा कुबट वास ज्या नाकाला चटकन कळतो, त्याला हाही कळतो. अशी गाडी स्वस्तातही महागच पडते.

कागद हाही किमतीचाच भाग आहे. आरसीवर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, दंडाची चलनं थकली आहेत का, हे परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर मोबाइलमध्ये बघता येतं. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र हातात पडेपर्यंत सगळे पैसे देऊ नयेत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते आणि त्याचा खर्च वेगळा. बारा वर्षांची गाडी ‘अगदी नवीसारखी’ असली, तरी तिच्या नोंदणीची वर्षं तीनच उरलेली असतात.

एवढं वाचून वाटेल, की समोरच्याला दाबून भाव पाडायचा. तसं माझं म्हणणं नाही. उद्या विकायला आपणच उभ्या राहू शकतो. माझ्या ओळखीतल्या एक वहिनी, यजमान गेले आणि गाडी अंगणात उभी. महिन्याभरात लोक यायला लागले, ‘‘वहिनी, उभी राहून सडेल, सव्वा लाख घ्या आणि मोकळ्या व्हा.’’ येणारे सगळे ओळखीचेच! त्यांनी घाई केली नाही. शोरूमला विचारलं, विम्याचा कागद काढला, गाडी तपासून खर्च लिहून घेतला. शेवटी ती गाडी दोन लाख दहा हजारांना गेली. दुःखातल्या बाईला हिशेब कळत नाही, असं धरून बोललेला सव्वा लाख हा भाव नव्हताच.

अशा वेळी आरटीओला मृत्यूची सूचना तीस दिवसांत द्यावी, तीन महिन्यांत एकतीस नंबरच्या फॉर्मवर गाडी आपल्या नावावर करावी आणि मगच विकावी. विकल्यावर २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून नाव बदललं की नाही, हे स्वतः बघावं. गाडी दिली, पण कागदावर नाव आपलंच राहिलं, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं आहे. घेणारीनेही विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा.

रास्त भाव म्हणजे ज्याचा हिशेब कागदावर मांडून दोघांनाही दाखवता येतो तो. घेणारीला फसल्यासारखं वाटू नये, विकणारीला लुटल्यासारखं. म्हणून पुढच्या वेळी घरात गाडीची बोलणी निघतील, तेव्हा चहाचा ट्रे ठेवून आत जाऊ नका. वही-पेन घेऊन तिथेच बसा. रंगाचं शेवटी बघू!