क्षमा आपली, पोटगी लेकराची



दशलक्षण पर्वात स्वाध्याय संपल्यावर ओळखीतली एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात सहा वर्षांचा मुलगा. म्हणाली, "काकू, मी त्यांना क्षमा केली. आता पोटगीही मागणार नाही." शेजारच्या बायकांनी तिचं कौतुक केलं. मला मात्र ते पटलं नाही.

क्षमा तिची होती, ती तिने दिली. पण मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क. जे आपलं नाही, त्याचं दान कसं करणार? समाजातल्या वडीलधाऱ्यांपुढे आईने 'काही नको' असं लिहून दिलं, तरी लेकराचा हक्क त्याने बुडत नाही.

किती मिळते? आपल्याकडे त्याचं ठरलेलं कोष्टक नाही. मुलाची गरज, आईवडिलांची कमाई आणि घरचं राहणीमान पाहून न्यायालय रक्कम ठरवतं. आई कमावती असली तरी बाप सुटत नाही. २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज प्रतिज्ञापत्रावर लिहून देणं बंधनकारक केलं. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची, हेही त्यातच सांगितलं.

आपल्या व्यापारी घरांत खरी गोम इथेच आहे. दुकान सासऱ्यांच्या नावावर, गाडी दिराच्या नावावर आणि मुलाचा बाप कागदोपत्री पंधरा हजारांचा नोकर! म्हणून राहणीमानाचे पुरावे जपा: शाळेच्या पावत्या, बँकेच्या नोंदी, प्रवासाची बिलं.

पूर्वीचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत लागावा, असं त्यात म्हटलं आहे. हुकूम होऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचं वॉरंट निघतं, थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. मात्र हप्ता थकल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. 'देईल आज ना उद्या' म्हणत बसलं, की या वाटेने जुने हप्ते हातचे जातात.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो.

कोणी म्हणेल, कोर्टात जाणं म्हणजे मनात वैर धरणं. मला तसं वाटत नाही. राग न धरताही हिशेब मागता येतो. उलट दुसऱ्याच्या हक्काचं स्वतःकडे ठेवून घेणाऱ्याला त्या दोषातून सोडवणं, हीही एक प्रकारे दयाच.

त्या मुलीला मी एक वही दिली आणि म्हटलं, दूध, फी, डॉक्टर, सगळं तारखेनिशी लिही. क्षमा मनात राहू दे, वही वकिलाकडे जाऊ दे.