दोन नेट, एक डबा!

'नेट गेलं!' ऑफिसात कुणी हे दोन शब्द उच्चारले की पुढची पाच मिनिटं सगळ्यांची धमाल असते. कुणी चहाला सटकतं, कुणी मोबाईल काढतं, कुणी राउटरचं बटण उगाच बंद-चालू करून इंजिनीअर असल्याचा आव आणतं. सहाव्या मिनिटाला बॉसचा चेहरा दिसतो आणि धमाल संपते. त्यातून तारीख २० असेल आणि ऑफिस टॅक्स कन्सल्टंटचं असेल, तर विचारूच नका! जीएसटीचं ३-बी रिटर्न दर महिन्याला भरणाऱ्यांची हीच शेवटची तारीख. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी (काहीच उलाढाल नसेल तर २०). एका क्लायंटचे ५० म्हणजे एक प्लेट समोसा. शंभर क्लायंटचे म्हणजे रोजचे पाच हजार, आणि शिव्या वेगळ्या.

माझ्या मावसभावाचं दुकान नेमकं हेच. मुख्य ऑफिस अमरावतीत, तिथे सहा जण. अकोल्यात छोटी ब्रँच, तिथे तिघी. टॅलीचा सगळा डेटा अमरावतीतल्या एका कॉम्प्युटरवर, आणि अकोल्याच्या पोरी तिथे बसून या मशीनवर काम करतात. मागच्या एका २० तारखेला अमरावतीचं नेट दुपारी गेलं ते रात्री आलं. तिघी अकरा वाजेपर्यंत बसून होत्या. त्यातली एक मूर्तिजापूरहून रोज अपडाऊन करते. तिची गाडी गेली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरून 'हा जॉब सोड' सुरू झालं. म्हणजे बघा, प्रश्न वायरचा दिसतो, पण असतो माणसांचा.

मी टेक्नॉलॉजीवर लिहिते म्हणजे मला सगळं येतं, असा आमच्या खानदानाचा ठाम समज आहे. त्यामुळे दादाचा फोन मलाच. "काहून वं, दोन नेटवाला राउटर येते म्हणतेत, कोणता घ्याचा थे सांग ना मले!"

तर दादा आणि त्याच्यासारख्या तमाम छोट्या ऑफिसवाल्यांनो, हा कॉलम तुमच्यासाठी.

खांब एकच, मग फायदा काय?

फंडा सिंपल आहे. साध्या राउटरला इंटरनेटची एकच वायर लागते. 'ड्युअल वॅन' राउटरला दोन लागतात. एक कनेक्शन गेलं की तो आपणहून दुसऱ्यावर जातो. डबा ठरवण्याआधी मात्र वेगळंच ठरवायचं असतं : ही दोन कनेक्शन खरंच दोन आहेत का?

३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट पार रांगायला लागलं. केबल दोन होत्या, कंपन्या वेगळ्या होत्या, पण दोन्ही एकाच वाटेने जात होत्या! २०११ मध्ये जॉर्जियात एका आजीबाईंनी तांब्याच्या शोधात कुदळ मारली आणि शेजारचा अख्खा आर्मेनिया काही तास ऑफलाइन झाला. आपल्याकडे तर कुदळीऐवजी जेसीबी आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप आणलं, ते याचसाठी. न विचारता केलेल्या खोदकामात केबल वगैरे तुटून देशाचं वर्षाला सुमारे ३ हजार कोटींचं नुकसान होतं, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं.

आपल्या वऱ्हाडात रस्त्यांची कामं तर काय, वर्ल्ड रेकॉर्ड लेव्हलची! जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा टाकून गिनीज बुकात नाव लागलं. रस्ता झक्कास झाला. पण रस्ता, नाली, पाइपलाइन काहीही म्हटलं की खोदणं आलंच, आणि खोदणं आलं की वायर आली.

म्हणून दोन कंपन्यांची कनेक्शन घेताना खाली उतरा आणि मान वर करून बघा. दोन्ही फायबर एकाच विजेच्या खांबावरून येत असतील, तर एका ट्रकची ट्रॉली दोन्ही घेऊन जाईल. दादाकडे नेमकं हेच निघालं. नव्या कनेक्शनवाल्याने जुन्याच खांबावर वायर टाकायची तयारी केली होती. त्याला मागच्या गल्लीतून यायला लावलं. पैसे थोडे जास्त गेले, पण खरा बॅकअप तिथेच मिळाला.

दुसरा पर्याय हवेतून येणाऱ्या नेटचा, म्हणजे सिमकार्डवरच्या ४जी-५जीचा. जमिनीवर काहीही खोदलं तरी त्याला फरक पडत नाही... निदान तुमच्या गल्लीपुरता तरी. पण त्याची एक गोची आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात दंगलीनंतर संचारबंदी आणि इंटरनेटबंदी आपण पाहिलीय. आपल्या देशात असे आदेश निघतात तेव्हा बहुतेक वेळा आधी जातो तो मोबाईल डेटा. म्हणून शक्य असेल तर दोन वेगळ्या वाटांचे फायबर आणि तिसरा आधार सिमचा, हे कॉम्बिनेशन सॉलिड. सगळंच बंद करण्याचा आदेश निघाला तर जगातला कुठलाच राउटर काही करू शकत नाही. त्यावर उपाय एकच, २० तारखेचं काम १७ ला उरकणं. (दादा, वाचतोयस ना?)

दोन्ही एकदम की आळीपाळीने?

दुकानदार सांगेल, "भाऊ, १०० अधिक १००, म्हणजे २००ची स्पीड!" नाही हो. 'लोड बॅलन्सिंग'मध्ये राउटर कामं वाटून देतो. एकाचा व्हिडिओ कॉल या वायरवर, दुसऱ्याचं डाउनलोड त्या वायरवर. एकच फाइल उतरवत असाल तर ती साधारणपणे एकाच वायरवरून येणार. दहा जणांच्या ऑफिसला फायदा होतो, एकट्याला नाही.

यात बँकेच्या साइटचा एक लोच्या असतो. लॉगइन एका कनेक्शनवरून झालं आणि पुढचं पान दुसऱ्यावरून मागितलं गेलं, तर साइटला वाटतं हा कुणीतरी वेगळाच आहे आणि ती तुम्हाला बाहेर काढते. तेही ओटीपी टाकल्यावर! म्हणून बँका आणि जीएसटी पोर्टलसाठी एकच वायर ठरवून देता येईल असा राउटर हवा. ते जमत नसेल, किंवा डोक्याला ताप नको असेल, तर 'फेलओव्हर' लावा. एक नेहमीचं, दुसरं फक्त अडीअडचणीला.

हजेरी आहे, माणूस नाही

हा मुद्दा जाहिरातीत सापडत नाही, पण सगळं याच्यावर अवलंबून आहे. नेट गेलंय हे राउटरला कळतं कसं? स्वस्तातले डबे फक्त वायर जोडलेली आहे का तेवढंच बघतात. आता विचार करा. फायबर तुटला चार किलोमीटरवर. तुमच्या टेबलावरचा कंपनीचा मोडेम मस्त चालू, वायर जोडलेली, दिवा हिरवा. राउटरच्या मते ऑल इज वेल! तो दुसऱ्या कनेक्शनवर जातच नाही.

चांगला राउटर दर काही सेकंदांनी बाहेरच्या जगाला हाक मारून बघतो, उदाहरणार्थ ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या पत्त्यांना. सलग काही वेळा उत्तर आलं नाही की वाट बदलतो. विकत घेताना हा प्रश्न विचाराच. दुकानदार गोंधळला तर दुसरं दुकान गाठा.

अकोल्याचं भुयार

आता व्हीपीएन. मॅच बघायला दुसऱ्या देशात असल्याचं भासवणारं ते मोबाईलचं अ‍ॅप नव्हे. इथे अर्थ साधा आहे : अमरावती आणि अकोला यांच्यामध्ये इंटरनेटच्या पोटातून काढलेलं बंदिस्त भुयार. दोन्हीकडे एकेक राउटर, आणि दोन ऑफिसं जणू एकाच मजल्यावर.

दादाकडे आधी काय होतं? नेट जोडून देणाऱ्याने अमरावतीच्या मशीनचं रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडं ठेवलं होतं. म्हणजे दुकानाचं शटर वर आणि गल्ल्यावर कुणी नाही! अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. आत शिरून डेटाला कुलूप लावायचं आणि खंडणी मागायची, हा त्यांचा धंदा. शेकडो लोकांचे पॅन, आधार, बँक खाती त्या एका मशीनवर. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटाची नीट काळजी न घेणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावात नाव जातं, ते परत येत नाही.

भुयारासाठी निदान एका बाजूला इंटरनेटवरचा स्वतःचा, खरा पत्ता लागतो. बऱ्याच कंपन्या, विशेषतः मोबाईलवाल्या, एकच पत्ता अनेकांत वाटतात. तुमच्या राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर समजा तुम्ही सामायिक खोलीत राहता आणि बाहेरून कुणी तुमचं दार वाजवू शकत नाही. अशा वेळी कंपनीकडून जादा पैसे देऊन 'स्टॅटिक आयपी' घ्यायचा. अमरावतीला घेतला की पुरे, अकोल्याने तिकडे हाक मारायची.

पण थांबा, खरी मेख पुढे आहे. अमरावतीची पहिली वायर गेली, राउटर दुसऱ्यावर गेला, म्हणजे पत्ताही बदलला! अकोला बिचारं जुन्याच दारावर टकटक करत बसेल. म्हणून अकोल्याच्या राउटरमध्ये अमरावतीचे दोन्ही पत्ते क्रमाने भरता यायला हवेत, किंवा पत्ता बदलला तरी नाव तेच ठेवणारी 'डायनॅमिक डीएनएस' सोय हवी. आणि हो, दुसऱ्या वायरचा पत्ताही सामायिक असेल तर भुयार बंदच. दोन नेट घेऊनही ब्रँच अंधारात राहते ती इथे.

भुयार कोणत्या पद्धतीचं? आयपीसेक किंवा वायरगार्ड. पीपीटीपी सोपं असलं तरी नको. ते कधीच फोडलं गेलंय, आणि अ‍ॅपलने तर २०१६ मध्येच ते आपल्या फोनमधून काढून टाकलं. खोक्यावरच्या स्पीडलाही भुलू नका. राउटर साधं नेट गिगाबिटने देतो, पण भुयारात कुलूप-किल्लीचं काम असल्याने तीच स्पीड बरीच खाली येते. माहितीपत्रकात 'व्हीपीएन थ्रूपुट' वेगळा दिलेला असतो, तो वाचा. एक टीप फुकट : टॅलीची फाइल भुयारातून थेट उघडलीत तर गोगलगाय होईल. रिमोट डेस्कटॉप वापरा, म्हणजे फक्त स्क्रीनचं चित्र येतं-जातं.

मे महिन्याची परीक्षा

मे २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्यात चक्क १४४ कलम लावावं लागलं होतं. आणि छोट्या राउटरच्या माहितीपत्रकात अनेकदा लिहिलेलं असतं, चालण्याचं तापमान ० ते ४० अंश. आता बोला! राउटर माळ्यावर, पत्र्याखाली किंवा बंद कपाटात ठेवू नका. वीज गेल्यावर राउटर आणि दोन्ही मोडेम चालू राहतील असा छोटा यूपीएसही हवाच. फक्त राउटरला यूपीएस लावून मोडेम बंद पडले, तर दोन नेट घेऊन काय उपयोग?

सेकंडहँडचा मोह नको

ओएलएक्सवर जुने नामांकित राउटर स्वस्तात दिसतात. सिस्कोचा आरव्ही-०४२ घ्या. एकेकाळचा दोन वायरींचा हिरो! पण जानेवारी २०२३ मध्ये त्यात गंभीर भोक सापडलं आणि कंपनीने स्पष्ट सांगितलं, मॉडेल निवृत्त झालंय, दुरुस्ती मिळणार नाही. राउटर म्हणजे दारावरचा वॉचमन. ज्याचे अपडेट बंद झाले, तो वॉचमन झोपला.

खरेदीला जाताना

• दोन्ही वायरींची वाट वेगळी आहे का?
• नेट गेल्याचं राउटर बाहेर हाक मारून तपासतो का?
• बँकेसाठी वायर ठरवून देता येते का?
• आयपीसेक किंवा वायरगार्ड आहे का, आणि त्यातली स्पीड किती?
• वायर बदलल्यावर भुयार आपोआप परत जोडतं का?
• अपडेट किती वर्षं मिळणार?
• सेटिंग तुमच्या गावात कोण करून देणार?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा. मायक्रोटिक पैसा वसूल आहे, पण त्याची सेटिंग जाणणारा माणूस हवा. टीपी-लिंकचा ओमाडा ईआर-६०५ साध्या माणसालाही पानं वाचत लावता येतो आणि चार आकड्यांत बसतो. दादासाठी आम्ही तोच घेतला, दोन्हीकडे एकेक.

लावून झाल्यावर पैसे देण्याआधी एक काम करा. महिन्याच्या ५ तारखेला, सगळे कामात असताना, पहिली वायर स्वतःच्या हाताने उपटा आणि अकोल्याला फोन लावा. त्यांची स्क्रीन काही सेकंद थांबून पुन्हा चालू झाली, तर जमलं. मग दुसरी उपटून बघा. दर तीन महिन्यांनी हेच करा. आणि २० तारखेला मूर्तिजापूरच्या ताईला गाडीच्या वेळेआधी घरी जाऊ द्या.