फील्ड मार्शल केसेलरिंग आणि ‘स्वच्छ युद्धा’ची दंतकथा

दुसऱ्या महायुद्धांतील सेनानींचीं चरित्रें व आत्मचरित्रें वाचण्याची हौस आपल्या सुशिक्षित वर्गांत फार आहे, आणि ती वाईट आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ह्या वाचनांतून एक मत नकळत तयार होतें, आणि बैठकींत, व्याख्यानांत, क्वचित् छापील परीक्षणांतहि तें मोठ्या समजूतदारपणाच्या आविर्भावानें मांडलें जातें. मत असें कीं, हिटलर नराधम, त्याचा पक्ष नराधमांचा, हें कबूल. पण त्याचे सेनापति निराळे. ते केवळ युद्धकलेचे उपासक. तेव्हां त्यांची परीक्षा कलेच्याच कसोटीवर व्हावी. ह्या देव्हाऱ्यांत रोमेलची मूर्ति मध्यभागीं, शेजारीं मानस्टाइन, आणि इटलीची मोहीम ज्यांनीं वाचली आहे त्यांच्याकडे आल्बेर्ट केसेलरिंग. मला ह्या तिसऱ्या मूर्तीविषयीं लिहावयाचें आहे. एक तर हिच्या फौजेपुढें आपल्या मराठा पलटणींचीं माणसें मेलीं आहेत. आणि दुसरें, कला वेगळी व पाप वेगळें ही वांटणी जर कोठें सपशेल फसत असेल तर ती येथेंच.

केसेलरिंगचें कर्तृत्व नाकारण्याचा माझा हेतु नाहीं. १८८५ सालीं बव्हेरियांत एका शिक्षकाच्या घरीं जन्मलेला हा तोफखान्याचा अधिकारी १९३३ सालीं नव्या विमानदलाच्या कारभारांत शिरला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर विमान चालवावयास शिकला, आणि १९३६ सालीं त्या दलाच्या सेनामंडळाचा प्रमुख झाला. वॉर्सा आणि रॉटरडॅम ह्या शहरांवर ज्यांनीं बाँब टाकले त्या विमानांत त्याच्या हुकमतीखालचीं विमानें होतीं. १९ जुलै १९४० रोजीं तो फील्ड मार्शल झाला. हा पूर्वार्ध त्याचे चाहते घाईनें उरकतात व एकदम १९४३ च्या इटलींत उतरतात. तेथें रोमेलचें म्हणणें असें कीं, दक्षिण इटली सोडावी व उत्तरेच्या डोंगरांत उभें राहावें. केसेलरिंग म्हणाला, रोमच्या दक्षिणेसच शत्रूला अडवतां येईल. नोव्हेंबरांत हिटलरनें सर्व सूत्रें केसेलरिंगच्या हातीं दिलीं, आणि त्यानें आपला शब्द खरा केला. कासिनोचा डोंगर जानेवारी ते मे १९४४ असा झुंजत राहिला. ४ जूनला रोम पडलें, पण त्याचें सैन्य फुटलें नाहीं. एकेक नदी, एकेक कडा लढवीत तें उत्तरेकडे सरकलें. लष्करी शाळांतून अभ्यासावी अशीच ही माघार आहे.

येथवर चाहत्यांशीं माझा वाद नाहीं. माझा प्रश्न एवढाच कीं, अशी माघार चालते कशावर? आकाश दोस्तांच्या विमानांचें होतें. दारूगोळा, धान्य, जखमी माणसें हें सारें रात्रीच्या अंधारांत आपेनाइन पर्वतांतील मोजक्या रस्त्यांवरून न्यावें लागे. आणि ह्याच रस्त्यांच्या दोहों बाजूंस इटालियन बंडखोरांच्या सशस्त्र टोळ्या रोम पडल्यापासून झपाट्यानें वाढत होत्या. पूल उडत, तारा तुटत, पहारे कापले जात. त्यांचा बंदोबस्त करावयास फौज हवी, आणि हातची फौज आघाडीस पुरत नव्हती. मग स्वस्त उपाय एकच उरतो : डोंगरांतल्या प्रजेला अशी दहशत बसवावयाची कीं टोळ्यांना भाकरी घालण्याचेंहि धैर्य कोणास होऊं नये. रोम पडल्यावर तेराव्या दिवशीं, १७ जून १९४४ रोजीं, केसेलरिंगनें आज्ञा काढली. तिचा आशय असा कीं, टोळ्यांविरुद्ध साधनांची निवड करतांना व कठोरपणा दाखवतांना जो अंमलदार नेहमींची मर्यादा ओलांडील त्याच्या पाठीशीं मी उभा राहीन. १ जुलैच्या आज्ञेंत तर ओलीस धरण्याची आणि गोळ्या घालण्याची तरतूद स्पष्टच आहे. आज्ञापत्रांची भाषा ज्यांना वाचतां येते त्यांना ‘पाठीशीं उभा राहीन’ ह्या शब्दांचा अर्थ समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

खालच्यांनीं तो बरोबर ओळखला. २९ जूनला आरेत्सोजवळच्या चिवितेल्ला गांवीं व आसपासच्या वस्त्यांत दोनशेंहून अधिक माणसें मारलीं गेलीं. १२ ऑगस्टला सांत आन्ना दि स्तात्सेमा येथें पांचशेंहून अधिक. त्यांत बायका, म्हातारे आणि कडेवरचीं मुलें. २९ सप्टेंबरापासून पुढचे कांहीं दिवस मार्त्साबोत्तोच्या डोंगरांत सुमारें पावणेआठशें. चाहते म्हणतात, हीं कृत्यें एस्. एस्. च्या लोकांचीं. मार्त्साबोत्तो व सांत आन्ना येथें तसें होतें. पण ते लोकहि त्याच्याच सेनासमूहांत लढत होते. आणि चिवितेल्लाचें काय? तेथें गेलेली ‘हेर्मान गोरिंग’ डिव्हिजन विमानदलाची, म्हणजे केसेलरिंगच्या स्वतःच्या दलाची. ऑगस्ट-सप्टेंबरांत त्यानें आवर घालण्याच्याहि सूचना काढल्या, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. पण मार्त्साबोत्तो त्या सूचनांच्या नंतर घडलें. कुलूप आपणच काढावयाचें आणि मग दार लोटून घ्या म्हणून चिठ्ठी पाठवावयाची, ह्यांतला सद्भाव मला तरी दिसत नाहीं.

रोममधील आर्देआतिने गुहांची हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. २३ मार्च १९४४ रोजीं व्हिया राझेल्ला ह्या रस्त्यावर बाँब उडून जर्मन पोलिस पलटणीचे ३३ शिपाई मेले. दुसऱ्या दिवशीं एकास दहा ह्या हिशेबानें माणसें नेलीं, आणि मारलीं ३३५. पांच जास्त झालीं. केसेलरिंगचा बचाव असा कीं, मृत्युदंड झालेले पुरेसे कैदी हाताशीं आहेत असें आपणांस सांगण्यांत आलें होतें. प्रत्यक्षांत त्या ३३५ मध्यें तसे कैदी बोटांवर मोजण्याइतके होते. प्रतिपक्षाच्या एकेका तोफेचा हिशेब ठेवणाऱ्या सेनापतीनें हा आंकडा तपासूं नये, ह्याला अनवधान म्हणावयाचें काय?

१९४७ सालीं व्हेनिस येथें इंग्रजांच्या लष्करी न्यायालयानें त्याला मृत्युदंड दिला. तेव्हां त्याच्यासाठीं धांवून आले ते चर्चिल आणि त्याचा रणांगणावरचा प्रतिस्पर्धी अलेक्झांडर. शिक्षा कमी झाली, आणि १९५२ सालीं प्रकृतीच्या सबबीवर सुटून पुढल्याच वर्षीं त्यानें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. आमचीं मंडळी हीं दोन नांवें प्रमाणपत्रासारखीं पुढें करतात. पण सुताराची चूक सुतारानें झांकावी तशी ही व्यवसायबंधूंची माया आहे. शिवाय रशियाविरुद्ध जर्मन फौज पुन्हा उभी करावयाची होती, तेव्हां जुन्या सेनापतींचीं वस्त्रें धुऊन ठेवणें सोयीचेंहि होतें.

कोणी विचारील, डायर निपजवणाऱ्या इंग्रजांना न्यायासनावर बसण्याचा अधिकार काय? प्रश्न रास्त आहे. पण त्याचा रोंख पाहा. जालियनवाला बागेंत सरकारी हिशेबानेंच ३७९ माणसें मेलीं, आणि चौकशी समितीपुढें डायरनें सांगितलें तें हेंच कीं, आपल्याला पंजाबभर नैतिक परिणाम घडवावयाचा होता. १९२० सालीं लॉर्डांच्या सभेनें त्याची बाजू घेतली, एका वृत्तपत्रानें त्याच्यासाठीं हजारों पौंडांची वर्गणी जमवली. लष्करी निकड, दहशतीचा उपयोग, प्रतिष्ठितांची रदबदली : केसेलरिंगच्या बचावांतलें एकहि वाक्य असें नाहीं कीं जें डायरच्या तोंडीं शोभणार नाहीं. ज्यांनीं लहानपणापासून डायरचें नांव शिवीसारखें उच्चारलें त्यांनीं इटलीच्या गांवकऱ्यांना निराळें माप लावावें, हें मला समजत नाहीं.

आणि त्या माघारीची दुसरी किंमत कोणी दिली? चिवितेल्लाच्या हत्येनंतर अकरा दिवसांनीं, १० जुलै १९४४ रोजीं, तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यांत पांचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह पुढें सरसावले. मशिनगनच्या माऱ्यानें तुकडी जवळ जवळ सारी पडली. घाडगे एकटे धांवले. हातबाँबनें गन बंद पाडली, एकास गोळी घातली, आणि काडतुसें बदलावयास वेळ नाहीं म्हणून उरलेल्या दोघांस बंदुकीच्या दस्त्यानें लोळवलें. तेवढ्यांत लपलेल्या नेमबाजांनीं त्यांना टिपलें. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. ‘लवचिक संरक्षण’ ह्या शब्दावर लुब्ध होणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, घाडगे पडले ते त्या संरक्षणापुढें, आणि चिवितेल्लाचे लोक पडले ते त्याच्या पाठीमागें. आज्ञा देणारा दोहोंकडे एकच.

तुरुंगांतून सुटल्यावर केसेलरिंग म्हणाल्याचें प्रसिद्ध आहे कीं, इटालियनांनीं खरें तर माझें स्मारक उभारावयास हवें. पिएरो कालामांद्रेई ह्या कायदेपंडितानें एका शिलालेखानें त्याला उत्तर दिलें; तो लेख कूनेओ शहरांत लावलेला आहे. इटलीच्या त्याच खोऱ्यांत, मोन्तोने गांवीं, २०२३ सालीं घाडगे यांच्या नांवानें सूर्यघडीचें स्मारक झालें. माणगांवास त्यांचा पुतळा आहे. समाधि मात्र कोठेंच नाहीं, कारण देह सांपडला नाहीं. ज्या कासिनोनें केसेलरिंगची कीर्ति झाली, त्याच्या पायथ्याच्या दफनभूमींत, बेपत्ता सैनिकांच्या यादींत त्यांचें नांव कोरलेलें आहे.